डोंगरातून गेलेल्या वाटा

कल्याण हे सातवाहन काळापासूनचे बंदर. मुस्लिम राजवटीत त्याला इस्लामाबाद असेही नाव होते. राज्ये बदलली, पण मालाची जुनी वाट होती तीच राहिली: कल्याण, मुरबाड, नाणेघाट, जुन्नर. घाटातील लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. माथ्यावरचा दगडी रांजण जकातीसाठी होता, असे लोक सांगतात.

1853 मध्ये रेल्वे ठाण्याला आली, 1854 मध्ये कल्याणला. 1865 मध्ये तिने थळ घाट ओलांडला. 37 फुटांना 1 फूट असा हा चढ. आजही कसाऱ्याला गाड्यांना जादा इंजिने जोडावी लागतात. 5 जून 2025 रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा 76 किलोमीटरचा शेवटचा टप्पाही शहापूरच्या याच डोंगरातून खुला झाला.

या डोंगरात ठाकर, कातकरी, महादेव कोळी, वारली राहतात. पण प्रत्येक वाट दोन टोकांच्या व्यापारासाठी झाली, मधल्या पाड्यांसाठी नाही. मुरबाडला अजून रेल्वे नाही. पावसाळ्यात आजारी माणसाला झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणावे लागते. 1892 पासून तानसाचे पाणी मुंबईला जाते, नंतर भातसाचेही जाऊ लागले. त्याच शहापुरात उन्हाळ्यात पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते.

मुंब्रा, भिवंडी, कल्याणच्या आपल्या मोहल्ल्यांत आपण रस्ता आणि पाणी मागतो. मागणी रास्तच आहे. मात्र ती मागताना त्या पाड्यांचे नावही आपल्या अर्जात असायला हवे. शेजाऱ्याचा हक्क आपल्या दीनने घराच्या भिंतीपुरता ठेवलेला नाही.