आपल्याच देशातली परकी भाषा

१ ऑगस्ट १८६३. रशियाचा झार दुसरा अलेक्झांडर याने फिनलंडसाठी एक आज्ञापत्र काढले. फिन्निश भाषकांशी थेट संबंध येणाऱ्या कारभारात २० वर्षांच्या आत फिन्निशला स्वीडिशच्या बरोबरीचे स्थान द्यावे, असा त्याचा आशय होता.

१८०९ मध्ये फिनलंड स्वीडनकडून रशियाकडे गेला, तरी कचेऱ्या, न्यायालये आणि विद्यापीठ यांची भाषा स्वीडिशच राहिली होती. बहुसंख्य रयत फिन्निश बोले. तिच्या खटल्यांचे निकाल मात्र स्वीडिशमध्ये लिहिले जात. आता शिकण्याची पाळी अधिकाऱ्यांवर आली.

ते काम सोपे नव्हते. स्वीडिश इंडो-युरोपीय कुळातली. फिन्निश त्या कुळाबाहेरची. विभक्ती १५. स्वीडिशमध्ये शब्दाआधी येणारे अव्यय इथे प्रत्यय होऊन मागे जडते आणि मूळ शब्दही पालटतो: 'वेसी' म्हणजे पाणी, 'वेदेस्सॅ' म्हणजे पाण्यात. (मराठी भाषकाला याचे नवल वाटू नये, 'पाणी'चे 'पाण्या' तोही करतोच.)

या आज्ञापत्रासाठी झटलेले योहान विल्हेल्म स्नेलमन स्वतः मात्र मुख्यतः स्वीडिशमध्येच लिहीत राहिले. संगीतकार सिबेलियस यांच्या घरची भाषाही स्वीडिश. त्यांना फिन्निश माध्यमाच्या शाळेत घालण्यात आले.

मानरहाइम यांच्यावर ही वेळ फार उशिरा आली. रशियन सैन्यात सुमारे ३० वर्षे काढून १९१८ मध्ये ते फिनलंडच्या श्वेत सैन्याचे सरसेनापती झाले, तेव्हा त्यांनी पन्नाशी गाठली होती. आणि ज्या शिपायांना हुकूम द्यायचे, त्यांतल्या बहुतेकांची भाषा त्यांना धड येत नव्हती.