आबे फारिया: शक्ती कोणाची?

पिंपरीच्या कारखान्यांच्या दारांवर आम्ही कितीतरी सभा घेतल्या. कामगार म्हणत, "अण्णा, तुमच्या बोलण्यात जादू आहे!" तेव्हा आम्हांला गोव्यातील कांदोळी गावी १७५६ साली जन्मलेले धर्मगुरू आबे फारिया आठवत.

१८१३ पासून पॅरिसमध्ये ते जाहीर व्याख्याने देत; निव्वळ शब्दाने माणसे निजवून दाखवीत. मेस्मरपंथी म्हणत, प्रयोग करणाऱ्याकडून अदृश्य द्रव वाहतो. फारिया म्हणाले, द्रव नाही. शक्ती निजणाऱ्याच्याच मनात आहे. १८१६ साली प्रहसनात त्यांची टवाळी झाली. ग्रंथ निघाला त्याच १८१९ साली ते वारले. पुढे नान्सीच्या डॉक्टरांनी सूचनेचेच तत्त्व मांडले.

आम्ही तुरुंगात असताना एक संप आमच्यावाचून टिकला. फारियांचे म्हणणे त्या दिवशी आम्हांला खरे कळले.