कंदील ओट्यावर गेला त्याची गोष्ट

आमच्या घरी दिवेलागण झाली की कंदिलाची काच पुसायचं काम माझं. चुलीतली राख चिंधीला लावायची, काच आतून फिरवून घ्यायची. ती फुटली तर आईचा धपाटा ठरलेला. कंदील मधल्या खणात आढ्याच्या खुंटीला लागला की आजी घोंगडी अंथरायची आणि हाक द्यायची, "या रं समदी. परभू वाट बघतोय."

नेवासे तालुक्यातलं आमचं गाव. ज्ञानेश्वरी जिथं सांगितली गेली तो खांब तासाभराच्या बैलगाडीवर, आणि वडाळ्याचं मिशन दुसऱ्या अंगाला. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. आमच्यात एकमेकांना 'सलाम' घालतात, एवढ्यावरून गाव आम्हाला ओळखायचं.

आधी एक गीत, मग शास्त्रवाचन, मग प्रार्थना असा संध्याकाळच्या उपासनेचा क्रम. टाळ माझ्या वडिलांच्या हातात, ढोलकी नानांच्या. नाना म्हणजे माझे धाकटे चुलते. वाचायला मी. आजीला अक्षर येत नव्हतं, म्हणून घरात वाचायचा मान तिनं पोरीला दिलेला. पुस्तक ओळीनं वाचायचं, निवडानिवड करायची नाही, हा तिचा दंडक. "देवानं जे लिवलंय ते समदं ऐकायचं. आपल्याला गोड लागतंय तेवढंच न्हाई."

पुढं शिकायला नगरला गेले तेव्हा कळलं, की ही साधी वाटणारी रीत किती वळणं घेऊन आमच्या घोंगडीपर्यंत आली. अमेरिकन मराठी मिशन 1831 साली नगरला आलं. त्यांचं 'ज्ञानोदय' 1842 पासून निघू लागलं. सुरुवातीची कितीतरी गीतं इंग्रजी चालींवर बेतलेली. खेड्यातल्या माणसाच्या गळ्यात ती बसेनात. मग कृष्णराव सांगळ्यांसारख्यांनी कीर्तन हातात घेतलं. पुढं नारायण वामन टिळकांनी 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, नगरला आले, आणि अभंगाच्या वळणावर गीतं लिहीत सुटले. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. आमच्या मंडळीच्या 'उपासना संगीत'मध्ये त्यांची शंभराहून जास्त गीतं आहेत. आजीला टिळक कोण, ते ठाऊक नव्हतं. गीतं मात्र पाठ. पलीकडच्या आळीतलं हरिपाठाचं भजन आणि आमचं गीत एकाच वेळी सुरू झालं, की लांबून कुठलं कुणाचं ते कळायचं नाही.

आमच्या पणज्याचा बाप धर्मात आला तो 1876 च्या मोठ्या दुष्काळानंतर. त्या काळात नगर जिल्ह्यात महार-मांगांची घरंच्या घरं आली. गाव त्यावरून टोचायचं, पोटासाठी बाटले म्हणायचं. भूक होती हे खोटं नाही. येसकरीच्या भाकरीवर जगणाऱ्याला दुष्काळात ती भाकरी तरी कोण घालणार? पण आजीचं उत्तर तयार असायचं. "पोट तवाबी रिकामं व्हतं, मागनंबी व्हतं. मंग परार्थना का न्हाई सुटली?"

ती आमच्या घरात सुटली 1972 साली.

त्या वर्षी विहिरीनं तळ गाठला. वडील, आई, नाना, काकू सगळे दुष्काळी कामावर, नालाबंडिंगला नाहीतर खडी फोडायला. रेशनवर अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो. त्याची भाकरी थापताना तुटायची. शाळेत सुकडी मिळायची, म्हणून आम्ही पोरं शाळा बुडवत नव्हतो. वैरण संपली तेव्हा एका शुक्रवारी वडिलांनी बैलजोडी सोडली, घोडेगावच्या बाजारात नेली आणि मिळेल त्या पैशाला देऊन आले. जोडी दोघा भावांची. नाना कामावर होते. संध्याकाळी आले, गोठ्यात बघितलं, रिकाम्या दाव्यांना हात लावला आणि एवढंच म्हणाले, "इचारलं का मला?"

वडील म्हणाले, "उद्या मेली असती, मंग काय इचारायचं?"

नाना ओट्यावर जाऊन बसले. कंदील लागला, घोंगडी अंथरली, मी पुस्तक उघडलं. आजीनं दाराकडं बघितलं, वडिलांकडं बघितलं, आणि माझ्या हातातलं पुस्तक मिटलं. अर्पण वेदीपाशी ठेव, आधी भावाशी समेट कर, हे प्रभूचं सांगणं तिनं आपल्या शब्दांत सांगितलं. मग म्हणाली, "आज परार्थना न्हाई. कंदील इझवा. राकेल तरी वाचंल."

पहिल्या दिवशी मला बरंच वाटलं. खोटं कशाला सांगू, लवकर निजायला मिळालं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मात्र झोप येईना. रोज कंदील लागायचा, आजी दोघांची वाट बघायची, आणि विझवायला सांगायची. दोघं भाऊ एकाच खडीवर घण मारत होते, एकाच चुलीवरचं खात होते, बोलत नव्हते. काकूनं मध्ये पडून बघितलं. पाळकसाहेब एकदा सायकलवरून येऊन गेले, त्यांनी प्रार्थना करू का म्हणून विचारलं. आजी त्यांना म्हणाली, "साहेब, तुमी करा, पर ती तुमची हुईल. आमची न्हाई." बिचारे पाणी पिऊन गेले. मला आज वाटतं, मंडळीच्या पाळकाला असं सांगायची हिंमत अंगठेबहाद्दर बाईत आली ती या रोजच्या घोंगडीवरूनच.

तिची स्वतःची प्रार्थना थांबली नव्हती. पहाटे जात्याची घरघर ऐकू यायची. मिलो दळताना ती ओवी म्हणायची, ओवीत येशूचं नाव आणि मागून दोन्ही लेकांची नावं. एका ओवीत थोरला, पुढच्या ओवीत धाकटा. पडल्या पडल्या मी मोजायची. कधी कुणाला एक जास्त नाही.

अकराव्या रात्री आजी "इझवा" म्हणायच्या आत वडील उठले. त्यांनी खुंटीवरून कंदील काढला, बाहेर नेला आणि ओट्यावर नानांच्या पुढ्यात ठेवला. चुकलो वगैरे काही म्हणाले नाहीत. तसं म्हणणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं, मरेपर्यंत आलं नाही. घोंगडी आम्ही पोरांनी ओढत बाहेर आणली. वडील मला म्हणाले, "वाच."

दंडक ओळीचा. अकरा दिवसांपूर्वी जिथं खूण होती तिथून गणनेचं पुस्तक सुरू होत होतं. समेटाचं, क्षमेचं एक अक्षर त्यात नाही. कुळांची यादी, वडीलधाऱ्यांची नावं. मी अडखळत वाचत होते. अम्मीनादाबचं मी काहीतरी भलतंच केलं. पुन्हा म्हटलं, पुन्हा चुकलं. आता वडिलांचा ओरडा बसणार म्हणून मान खाली घातली.

"अम्मी-नादाब," अंधारातून नाना म्हणाले. मिशनच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेले होते ते. "तोडून वाच. घाई करू नको."

पुढच्या प्रत्येक नावाला मी त्यांच्याकडं बघायची आणि ते सांगायचे. यादी लांब होती. वडील टाळ मांडीवर धरून खाली बघत बसले होते. वाचन झालं तरी प्रार्थनेला कुणी सुरुवात करेना. उंबऱ्यात बसलेल्या आजीनं डोकीवर पदर घेतला आणि नानांना म्हणाली, "ढोलकी आण की आतून. गीत ऱ्हायलंय."