अकरा महिन्यांचे घर : सोलापूरच्या निमित्ताने भाडेकराराचा इतिहास

१/ सोलापुरातील एखाद्या शांत वसाहतीत नव्याने दुरुस्त केलेली छोटी सदनिका भाड्याने घेतली, तर करार बहुधा ११ महिन्यांचा होतो. त्यात राहणाऱ्याचा उल्लेख 'भाडेकरू' असा नसून 'लायसन्सी', म्हणजे परवानाधारक, असा असतो. हक्काच्या जागी परवाना कसा आला, याचा हा मागोवा.

२/ सोलापुरात १८७७ मध्ये पहिली कापडगिरणी सुरू झाली. पुढे आणखी गिरण्या आल्या. तेलंगणातून पद्मशाली विणकरही मोठ्या संख्येने येथे स्थिरावले. चाळी आणि वाड्यांतील भाड्याच्या खोल्यांत हे कष्टकरी राहत. विणकराचा माग घरातच असे. विड्या वळणाऱ्या स्त्रियांचे कामही घरातच चाले. खोली गेली की रोजगारही धोक्यात येई.

३/ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात महागाई आणि घरटंचाई वाढली. त्या पार्श्वभूमीवर मुंबई प्रांताने १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा केला. तो १३ फेब्रुवारी १९४८ पासून अंमलात आला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते, तेच साधारणपणे 'प्रमाण भाडे' ठरले. कायद्यात सांगितलेल्या कारणांखेरीज भाडेकरूला बाहेर काढता येईना.

४/ गरिबाला या कायद्याने मोठा आधार दिला. मात्र भाडे गोठले आणि विटा, चुना, मजुरी यांचे दर वाढत राहिले. परिणामी मालकांनी दुरुस्तीकडे पाठ फिरवली. जागा भाड्याने देण्याचे टाळले जाऊ लागले, किंवा पागडी मागितली जाऊ लागली.

५/ मालकांनी पळवाट शोधली : भाडेपट्टा न करता 'परवाना' द्यायचा. १९७३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू परवान्यावर राहणाऱ्यांना भाडेकरूचे संरक्षण मिळाले. राहणारे सुरक्षित झाले. पण घर दिले तर ते परत मिळेल का, ही मालकांची धास्ती वाढली.

६/ डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, एकेकाळी रास्त असलेले हे गोठवलेले भाडे काळाच्या ओघात अन्याय्य झाले आहे. पुढे विभागवार असलेले जुने कायदे रद्द करून महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ आला; तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने भाड्यात दरवर्षी ४ टक्के वाढीची मुभा दिली. परवान्याची मुदत संपल्यावरही घर न सोडणाऱ्यावर दुप्पट शुल्काची जबाबदारी टाकली.

७/ मग ११ महिनेच का? १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एका वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणे बंधनकारक आहे. ते टाळण्यासाठी ११ महिन्यांची प्रथा रुळली. महाराष्ट्रात मात्र ते कारण आता उरलेले नाही. १९९९ च्या अधिनियमाच्या कलम ५५ नुसार करार कितीही मुदतीचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. ही जबाबदारी घरमालकाची आहे.

८/ सोलापूरच्या कष्टकऱ्यांनी याच काळात दुसरा मार्ग धरला : भाड्याऐवजी मालकीचे घर. नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखालील चळवळीतून शहराबाहेर कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांसाठी १०,००० घरे उभी राहिली. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते त्यांचे वितरण झाले. १९ जानेवारी २०२४ रोजी तेथीलच रे नगरातील १५,००० घरे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते असंघटित कामगारांना देण्यात आली.

९/ प्रत्येकाला असे घर मिळत नाही. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी आलेल्या तरुणाला परवान्यावरच राहावे लागते. त्याने रंग आणि फरशी पाहण्याआधी कराराची नोंदणी पाहावी. नोंदणी नसेल आणि वाद उद्भवला, तर कलम ५५ नुसार अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते; ते खोडून काढण्याचा भार मालकावर येतो. जुने संरक्षण आटले, तरी एवढा आधार कायद्याने राखून ठेवला आहे.