जमातदर्शक शुभंकर (क्रीडा)

एखाद्या जमातीचे किंवा वांशिक गटाचे नाव, चेहरा अथवा वेश क्रीडासंघाने स्वतःची ओळख म्हणून मिरवला, की त्या चिन्हास जमातदर्शक शुभंकर म्हणता येते. ही रूढी मुख्यतः उत्तर अमेरिकेतील. टायगर्स, बेअर्स, ईगल्स यांच्या रांगेत तिकडे इंडियन्स, ब्रेव्ह्ज, रेडस्किन्स हे संघही उभे राहिले. जनावरांच्या यादीत माणसे बसवली गेली. नॅशनल काँग्रेस ऑफ अमेरिकन इंडियन्स या संघटनेने १९६८ मध्ये त्याविरुद्ध मोहीम उघडली. क्लीव्हलंडच्या बेसबॉल संघाने लालभडक तोंडाचा, दात विचकणारा ‘चीफ वाहू’ २०१८ च्या हंगामानंतर गणवेशावरून उतरवला आणि पुढे इंडियन्स हे नावही टाकून गार्डियन्स घेतले. वॉशिंग्टनच्या फुटबॉल संघाने २०२० मध्ये रेडस्किन्स हे नाव सोडले. ‘आम्ही यातून सन्मानच करतो’ हा बचाव दोन्हीकडे वर्षानुवर्षे चालला होता. सन्मान झाला की नाही हे ज्याचा केला त्यालाच विचारायचे असते, एवढी साधी गोष्ट पटायला अर्धशतक लागले.

विचारल्यावर होकारही मिळतो. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या संघाचे ‘सेमिनोल्स’ हे नाव टिकले, कारण फ्लोरिडाच्या सेमिनोल जमातीच्या परिषदेने २००५ मध्ये त्याला रीतसर पाठिंबा दिला. इंग्लंडमधील एक्सेटर चीफ्स या रग्बी संघाने २०२२ मध्ये वेगळी वाट काढली. नाव तेच ठेवले, पण चिन्हावरचा अमेरिकी आदिवासी काढून आपल्याच मुलखातील प्राचीन डुम्नोनी टोळीचा योद्धा आणला. उसना पूर्वज परत करून घरचा घेतला!

भारतात शुभंकर बहुधा प्राणीच असतो. दिल्लीच्या १९८२ च्या आशियाई स्पर्धेत अप्पू हत्ती होता, २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत शेरा वाघ आणि गोव्यातील २०२३ च्या राष्ट्रीय स्पर्धेत मोगा हा गवा. समूहाच्या नावाचे संघ मात्र महाराष्ट्राने पाहिले आहेत. मुंबईत युरोपियन विरुद्ध पारशी क्रिकेट सामन्यांत १९०७ मध्ये हिंदू आणि १९१२ मध्ये मुस्लिम संघ आले. १९३७ मध्ये स्पर्धा पंचरंगी झाली. पाचव्या संघाचे नाव होते ‘द रेस्ट’, म्हणजे उरलेले. ख्रिस्ती, ज्यू, बौद्ध अशा सगळ्यांची मोट त्यात बांधलेली. याच संघाकडून विजय हजारे यांनी १९४३ च्या अंतिम सामन्यात हिंदू संघाविरुद्ध ३८७ पैकी ३०९ धावा एकट्याने काढल्या. इतर चौघांची नावे निदान ज्याच्या त्याच्या ओळखीची होती. हे पाचवे दुसऱ्यांनी चिकटवलेले. गांधीजींनी १९४० मध्ये जातीय सामन्यांना उघड विरोध केला आणि १९४६ मध्ये ही स्पर्धा बंद पडली. ती थांबली ती धर्मावरून पडणाऱ्या फुटीच्या चिंतेने. नावांतल्या अपमानाची तक्रार तेव्हा फारशी कोणी केली नव्हती.

गोंडांची वस्ती असलेल्या महाराष्ट्रातील गोंदिया जिल्ह्यात जमातदर्शक खुणांचा हा प्रश्न क्रीडासंघांच्या नावांत सापडत नाही. जिल्ह्याचे नाव गोंड जमातीवरून पडले असे काही सांगतात, तर काही त्याचा संबंध जंगलातील गोंदाशी, म्हणजे डिंकाशी जोडतात. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १३ लाख २२ हजारांवर आहे आणि तीत अनुसूचित जमाती सुमारे १६ टक्के. गोंडांकडे स्वतःची चिन्हव्यवस्था आहे आणि ती शुभंकराच्या बरोबर उलट चालते. मराठीत आपण ज्याला देवक म्हणतो तसे प्राणी वा झाड कुळाची खूण असते. टेकाम हे आडनाव सागावरून आले, मरकाम आंब्यावरून. ज्याचे देवक त्याने त्याला इजा करायची नाही, एकाच गटात सोयरीक करायची नाही. इथे चिन्ह म्हणजे नाते आणि बंधन. सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या गुहेत माघ पौर्णिमेला शेजारच्या राज्यांतूनही भाविक येतात, गोंडांचा आद्यगुरू पारी कुपार लिंगो याचे स्मरण करतात. झेंडा कोणता आणि डोक्याला काय बांधायचे, हे तेच ठरवतात.

आपला ‘चीफ वाहू’ वेगळ्याच मैदानावर भेटतो. शाळेचे स्नेहसंमेलन किंवा क्रीडास्पर्धेचे उद्घाटन म्हटले की ‘आदिवासी नृत्य’ ठरलेले. मुलांची तोंडे काजळाने काळी केलेली, कंबरेला पानांचा घागरा, डोक्याला कोंबडीची पिसे, हातात पुठ्ठ्याचा भाला आणि वर ‘झिंगालाला’चा गजर. असा वेश करणारी जमात कुठेच नाही. तो हिंदी सिनेमातून आला. गोंडांचा रेला नाच हातात हात गुंफून, फेर धरून होतो आणि त्यात भाला नाचवत कोणी कोणावर धावून जात नाही. पिसांचा मुकुट आदिलाबादकडील राजगोंडांत आहे, पण तो मोरपिसांचा, दिवाळीतील गुसाडी नाचाचा. तो घालणारा व्रतस्थ असतो, हौसेचा नाचा नव्हे.

तेव्हा नाव किंवा रूप बदलावे का, याचे उत्तर प्रस्तुत नोंदीपुरते असे : जमातीने स्वतः निवडले असेल किंवा विचारल्यावर होकार दिला असेल तर ठेवावे, एरवी काढावे. हरकत घेणारे थोडेच आहेत, हे कारण पुरत नाही. ज्याचे सोंग काढले जाते तो मुलगा बहुधा त्याच वर्गात मागच्या बाकावर बसलेला असतो आणि तो हरकत घेत नसतो. देवरी येथे आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे, जिल्ह्यात आश्रमशाळा आहेत, रेला जाणणारी माणसे गावोगाव आहेत. पुढच्या संमेलनाची वेशभूषा भाड्याने आणण्याआधी शिक्षकांनी त्यांच्यापैकी एकाला तालमीला बोलवावे.