शिराळ्याची रेघ कोण ओढतो?

1812 साली मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर गेरी यांनी पक्षाच्या सोयीने वेडेवाकडे कापलेल्या मतदारसंघांच्या कायद्यावर सही केली. आपल्याकडे रेघ परिसीमन आयोग ओढतो. तिथे सहयोगी सदस्य आमदार-खासदारच. त्यांना मत नाही, पण बोलता येते.

2008 च्या रचनेत वाळवा तालुका इस्लामपूर आणि शिराळा मतदारसंघांत विभागलेला आहे. म्हणजे तालुक्यातली आपली मतेही विभागली. सांगली जिल्ह्यातला शिराळा लोकसभेला हातकणंगलेत मोजला जातो. अनुसूचित जातींची राखीव जागा जतहून मिरजेला गेली.

अंतिम आदेशाला न्यायालयात आव्हान नाही, असे कायदा म्हणतो. वस्तीतल्या माणसाला दार एकच: मसुद्यावरची हरकत आणि जाहीर सुनावणी. मित्रांनो, प्रचाराआधी नकाशा वाचायला शिका. जय भीम!