मागची भिंत

गेल्या महिन्यात माझ्या भाचीला नव्या नोकरीसाठी फोटो हवा होता. कंपनीच्या वेबसाइटवर नावाशेजारी लागतो तसला, छातीपर्यंतचा. स्टुडिओतला निळा पडदा तिला नको होता, बाहेर काढायचा होता. फोटोग्राफर तरुण आणि कामात चोख. त्याने भराभर सांगितलं की दुपारचं ऊन नको, डोळ्यांखाली काळं पडतं. सावलीत, पण मोकळ्या आकाशाकडे तोंड करून उभं राहायचं. मागची भिंत जरा लांब असली की धूसर होते आणि चेहरा उठून दिसतो. मग त्याने जागाही सुचवली : एखाद्या दर्ग्याची कमान, नाहीतर दगडी जाळी. "तुम्हाला शोभून दिसेल," म्हणाला.

त्याच्या मनात वाकडं काही नव्हतं. भाचीने मात्र माझ्याकडे पाहिलं. आमच्यामागे कोणती भिंत शोभते, हे दुसऱ्याने ठरवण्याची गोष्ट तशी जुनी आहे.

फोटोची कला नवी होती तेव्हा बाहेर बसण्यावाचून गत्यंतरच नव्हतं. 1843 साली स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली आणि शेकडो धर्मगुरू बाहेर पडले. डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल या चित्रकाराला त्या प्रसंगाचं भव्य चित्र रंगवायचं होतं. इतके चेहरे टिपायचे कसे? रॉबर्ट ॲडमसन या फोटोग्राफरबरोबर त्याने एडिंबरातल्या कॅल्टन हिलवर, रॉक हाउसच्या आवारात लोकांना उन्हात बसवलं. तेव्हाची रसायनं मंद, त्यामुळे उजेड भरपूर लागे आणि न हलता बसून राहावं लागे. गंमत अशी की बसायचं उघड्यावर, पण मागे पडदा सोडून, टेबल-पुस्तकं मांडून खोलीचा भास करायचा. बाहेरची जागा फक्त उजेडापुरती.

आपल्या मुंबईत याच्या बरोबर उलट झालं. 1854 साली बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी निघाली. तिच्या संस्थापकांपैकी एक विल्यम जॉन्सन. मुंबईत राहणाऱ्या आणि येणाऱ्या जातीजमातींचे फोटो त्याने दोन खंडांत छापले, 1863 आणि 1866 मध्ये. त्यात हिंदू आहेत, पारशी आहेत, मुसलमानही आहेत. पण नीट पाहिलं की पायांपाशी काहीतरी खटकतं. माणसांचे फोटो वेगळे काढलेले, त्यांच्या आकृत्या कापून दुसऱ्याच देखाव्यावर बसवलेल्या. ती माणसं त्या जागी उभी राहिलीच नव्हती. जात कोणती आणि तिच्यामागे काय असावं, हे जॉन्सनच्या टेबलावर ठरलं होतं.

पुढे सरकारने हाच उद्योग मोठ्या प्रमाणावर केला. 'द पीपल ऑफ इंडिया' हे आठ खंड 1868 ते 1875 या काळात निघाले. सर सय्यद अहमद खान 1869 साली लंडनला गेले तेव्हा इंडिया ऑफिसमध्ये त्यांनी हे पुस्तक पाहिलं आणि ते फार दुखावले. त्यांनी पत्रात एक प्रसंग लिहिलाय. त्यांचा मुलगा सय्यद महमूद ही चित्रं चाळत होता. एका तरुण इंग्रजाने विचारलं, तू हिंदुस्थानी का? मुलगा लाजून हो म्हणाला आणि घाईने पुढे सांगू लागला, की आपण इथले मूळ रहिवासी नाही, आपले पूर्वज परदेशातून आलेले.

सर सय्यदांचं दुःख मला कळतं. महमूदची घाई मात्र मला टोचते. ज्यांच्यापासून तो स्वतःला वेगळं काढत होता, ते मूळ रहिवासी म्हणजे आम्हीच की. आम्ही बागवान. आमचे पूर्वज बुखाऱ्याहून नाही आले, इथल्याच मळ्यांतून आले. गोऱ्या साहेबाने आम्हाला कापून पुठ्ठ्यावर चिकटवलं, हे खरंच. पण आपल्यातल्या अश्रफांनीही आमच्यामागे अरबस्तान-इराणचा पडदा सोडलाच होता, आणि आम्ही खुशीने त्याच्यापुढे बसलो. दर्गा मला परका नाही, मी जातो. पण नोकरीच्या फोटोत तिने तिथेच का उभं राहावं?

भाचीने जागा स्वतःच निवडली. "मामू, नानांच्या मंडईत काढू या." पुण्याच्या महात्मा फुले मंडईत माझ्या अब्बांचा फळांचा गाळा होता. ही इमारत 1886 ची, तेव्हाचं नाव रे मार्केट. नगरपालिकेत असताना फुल्यांनी तिच्या खर्चाला विरोध केला होता आणि आज नाव त्यांचंच आहे.

उत्तरेच्या बाजूला इमारतीची सावली मिळते. सकाळी साडेसातला आम्ही तिथे पोचलो. फोटोग्राफर आधी कुरकुरला, हातगाड्या मध्ये येतात म्हणून. मग भिंतीकडे बघून म्हणाला, काळा दगड आहे, चेहरा छान उठेल. एका हमालाने पाटी उतरवून तिला वाट दिली. चार-पाच फोटो झाल्यावर जुन्या ओळखीच्या गाळेवाल्याने हाक मारली, "बागवानांची पोर ना तू?" ती त्याच्याकडे वळून हसली.

कंपनीच्या वेबसाइटवर तोच फोटो लागलाय. मागची भिंत धूसर आहे, ओळखू येत नाही.